विरजणाची वाटी आणि अँपिसिलिनची प्लेट

गेल्या मंगळवारी माझ्या हातून एक चूक झाली आणि अठरा पोरांचं प्रॅक्टिकल पाण्यात गेलं.

एम.एस्सी. मायक्रोच्या पोरांचं ट्रान्सफॉर्मेशन होतं. ई. कोलाय या जिवाणूच्या पेशी कॅल्शियम क्लोराइडमध्ये बर्फावर ठेवायच्या, त्यात प्लास्मिडचा, म्हणजे डीएनएच्या छोट्या वेटोळ्यांचा, थेंब सोडायचा, बेचाळीस अंशांच्या पाण्यात नव्वद सेकंद बुडवायच्या आणि लगेच परत बर्फात. या धक्क्यात हजारो पेशींत एखादीच प्लास्मिड गिळते. कोणी गिळलं ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सगळी जमात अँपिसिलिन हे जिवाणू मारणारं औषध घातलेल्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, पसरायची. प्लास्मिडवर अँपिसिलिन निकामी करणारा जनुक असतो. ज्यांना मिळालं त्या वाढतात, बाकीच्या संपतात. सोबत एक कंट्रोल प्लेट, तिच्यावर प्लास्मिड न दिलेल्या पेशी. ती दुसऱ्या दिवशी कोरी करकरीत निघायला हवी.

बुधवारी इनक्यूबेटर उघडला तर कंट्रोलवर साय धरावी तसा थर. बाकीच्या प्लेटांवरही तेच. एक पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, सगळेच रेझिस्टंट झाले का?" मला हसू आलं आणि रागही, स्वतःचाच. झालं असं होतं, की त्या दिवशी नाशकात हाडं गोठवणारी थंडी होती. आमच्या लॅबच्या खिडकीची एक काच गेल्या पावसाळ्यापासून फुटकी आहे. अशा हवेत आगर बाटलीतच थिजायला लागतो आणि मग प्लेटमध्ये गुठळ्या पडतात. त्या भीतीने मी घाई केली. बाटली गालाला लावून सोसवली पाहिजे, मगच अँपिसिलिन घालायचं, हे मीच दरवर्षी घसा फोडून सांगते. आणि मीच ते धुमसत्या आगरमध्ये ओतलं. उष्णतेने औषधाचं पाणी झालं. पोरांना खरं सांगितलं. खोटं सांगायची सोयही नव्हती, वहीत तापमान लिहायला मीच लावलं होतं.

संध्याकाळी घरी आले तर दारात शेजारच्या काकू, हातात रिकामी वाटी. "अगं, दोन दिवस झाले, दही लागतच नाहीये. दूधच राहतंय नुसतं. तुझं विरजण दे जरा."

गंमत म्हणजे माझ्याकडचं विरजण मूळचं त्यांचंच. गणपतीत माझं दही आंबट-तार झालं होतं तेव्हा मी त्यांच्याकडून आणलं होतं. आता ते फिरून त्यांच्याकडे चाललं. मी चमचाभर दिलं आणि पिठाच्या डब्यात पातेलं पुरून ठेवा म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला शिकवतेस?"

त्या गेल्यावर ओट्याशी उभी असताना वाटलं, उद्या वर्गात प्लास्मिड इथूनच सुरू करावं. आपल्याला वारसा म्हटलं की वरून खाली येणारी गोष्ट दिसते. आजीचं नाक, बापाची उंची, सातबारा. विरजण तसं येत नाही. ते आडवं येतं, भिंतीपलीकडून. आणि दिल्याने देणाऱ्याचं कमी होत नाही. जिवाणूंची बरीचशी मालमत्ता अशीच आडवी फिरते, आणि फिरवणारी वाटी म्हणजे प्लास्मिड.

जिवाणूचं मुख्य गुणसूत्र म्हणजे डीएनएचं एक मोठं वेटोळं. ई. कोलायमध्ये साधारण शेहेचाळीस लाख अक्षरांचं. त्याच्या शेजारी काही पेशींत छोटी वेटोळी असतात, स्वतःच्या मर्जीने स्वतःच्या प्रती काढणारी. आमच्या फ्रीजरमधलं पीयूसी १९ हे प्लास्मिड अवघ्या २,६८६ अक्षरांचं आहे, पण एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. पीबीआर ३२२ हे त्याच्या आधीच्या पिढीतलं, त्याच्या पंधरा-वीस. निसर्गात सापडणारी काही प्लास्मिडं लाख-लाख अक्षरांची आणि प्रती एक-दोनच. जगायला ती लागतातच असं नाही. चैन म्हणा, हत्यार म्हणा, अडीनडीची शिदोरी म्हणा.

दह्याचंच बघा. ताक-लोण्यासाठी, चीजसाठी जे लॅक्टोकॉकस लॅक्टिस नावाचे जिवाणू वापरतात, त्यांच्यात दुधातली साखर वापरण्याचे जनुक आणि दुधातलं प्रथिन तोडणाऱ्या विकराचा जनुक बहुतेक वेळा प्लास्मिडवर असतात. दुधाबाहेर, दुसऱ्या साखरेवर पिढ्यान्‌पिढ्या वाढवले तर त्यांच्यातले काही ते प्लास्मिड हरवून बसतात. जिवाणू ठणठणीत, पण दुधात सोडला तर ढिम्म. काकूंच्या पातेल्यात हे झालं नव्हतं, तिथे नुसती थंडी नडली होती. पण चीज बनवणाऱ्यांना या गोष्टीने फार रडवलेलं आहे.

एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे प्लास्मिड जातं कसं, हे पोरांना चित्रात फार आवडतं. देणारा एक बारीक केसासारखी नळी, पिलस, बाहेर काढतो, दुसऱ्याला चिकटवतो आणि जवळ ओढतो. मग प्लास्मिडच्या दोन धाग्यांपैकी एकाला ठरलेल्या जागी चीर पडते आणि तो धागा दोरीसारखा उलगडत पलीकडे सरकतो. उरलेल्या धाग्यावर देणारा आपला जोडीदार भरून काढतो, घेणारा आपला. शेवटी दोघांकडेही पूर्ण प्लास्मिड. आणि आता घेणारासुद्धा देणारा झालेला असतो.

'प्लास्मिड' हा शब्द १९५२ मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांनी घडवला. जिवाणू आपसांत जनुकांची देवाणघेवाण करतात हे त्यांनी एडवर्ड टेटम यांच्यासोबत १९४६ मध्ये दाखवलं होतं, आणि १९५८ चं नोबेल त्यावर मिळालं. ही देवाणघेवाण घडवणारा जो एफ घटक, तो शोधण्यात त्यांच्या पत्नी एस्थर लेडरबर्ग यांचा मोठा हात होता. नोबेल घेताना स्टेजवर पुरुष तीन: बीडल, टेटम, लेडरबर्ग. मी हे वर्गात दरवर्षी सांगते आणि मागच्या बाकावरच्या मुली दरवर्षी एकमेकींकडे बघतात.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. बायोटेकच्या धड्यांत प्लास्मिडची गोष्ट १९७३ पासून सुरू होते, जणू कोणीतरी ते प्रयोगशाळेत बनवलं. माझ्या मते ती जपानमधल्या हगवणीच्या रुग्णांपासून सुरू व्हायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे शिगेला नावाच्या जिवाणूची हगवण पसरलेली. आधी सल्फा औषधं दिली, मग ती चालेनाशी झाली म्हणून स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लीन, क्लोरॅम्फेनिकॉल. काही वर्षांत असे शिगेला मिळू लागले जे चारही औषधांना एकदम दाद देत नव्हते. एकेक बदल अपघाताने होत गेला असता तर चार-चार एकाच वेळी जमणं जवळजवळ अशक्य. शिवाय त्याच रुग्णांच्या पोटातला गरीब ई. कोलायही चारही औषधं पचवत होता. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दोन्ही जिवाणू एका नळीत एकत्र वाढवून दाखवलं, की सगळा गठ्ठाच्या गठ्ठा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत सविस्तर लेख लिहिला तेव्हा कुठे पश्चिमेकडच्यांचे डोळे उघडले.

आता १९७३ कडे येऊ. त्याच्या आदल्या वर्षी होनोलुलूत प्लास्मिडवर एक परिषद भरली होती, अमेरिका आणि जपान या दोघांची मिळून. तिथे स्टॅनले कोहेन आणि हर्बर्ट बॉयर हे दोन अमेरिकी संशोधक रात्री खायला बाहेर पडले आणि सँडविच खाता खाता त्यांचं ठरलं. कोहेनकडे पीएससी १०१ नावाचं छोटं प्लास्मिड होतं, टेट्रासायक्लीनला दाद न देणारं. बॉयरकडे इकोआरवन ही कात्री होती, डीएनए ठरावीक अक्षरांपाशी कापणारी. (ती कात्रीसुद्धा मुळात एका प्लास्मिडवरच्याच जनुकातून आलेली!) कापलेल्या जागी दुसरा तुकडा चिकटवला आणि ई. कोलायमध्ये सोडला. पुढच्याच वर्षी बेडकाचा जनुक जिवाणूत गेला. जिवाणू कोट्यवधी वर्षं जे करत आले तेच माणसाने केलं, फक्त वाटीत काय घालायचं ते स्वतः ठरवलं.

इन्शुलिनची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून फार लांबवत नाही. १९७८ मध्ये माणसाच्या इन्शुलिनच्या दोन साखळ्यांचे जनुक वेगवेगळ्या प्लास्मिडांवर घालून ई. कोलायकडून बनवून घेतले, मग साखळ्या जोडल्या. १९८२ मध्ये ते बाजारात यायला परवानगी मिळाली. आज काही कंपन्या ई. कोलाय वापरतात, काही यीस्ट. आमच्या फ्रीजच्या दारात सासऱ्यांचं इन्शुलिन आणि माझी विरजणाची वाटी शेजारी-शेजारी असतात. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी हगवणीच्या जंतूंचं औषध टोचून घेतो?" त्यानंतर मी विषय बदलला.

शुक्रवारी मात्र प्रॅक्टिकल जमलं. ट्रान्सफॉर्मेशन पुढच्या आठवड्यावर ढकललं आणि त्याऐवजी प्लास्मिड बाहेर काढायला घेतलं. हा माझा सगळ्यात आवडता भाग. १९७९ मध्ये बर्नबॉइम आणि डोली यांनी बसवलेली ही पद्धत आजही जवळपास तशीच चालते. पेशींचा गोळा पहिल्या द्रावणात मिसळायचा. दुसऱ्यात कॉस्टिक सोडा आणि एसडीएस, म्हणजे साबणाचा भाऊच. ते पडताक्षणी गढूळ पाणी नितळ होतं आणि चिरलेल्या भेंडीसारखी तार सुटते. पेशी फुटून डीएनए बाहेर आलेला असतो. इथे जोरात हलवलं की संपलं, मुख्य गुणसूत्राचे तुकडे होतात आणि सगळा काला होतो. तिसरं द्रावण पोटॅशियम ॲसिटेटचं. ते घातलं की नळीत दूध नासल्यासारख्या पांढऱ्या गुठळ्या. ते गुठळं फिरवून खाली बसवायचं, आणि वरच्या निवळीत आपलं प्लास्मिड.

आता प्रश्न असा की सोड्याने तर दोघांचेही धागे सुटले, मग प्लास्मिडच नेमकं निवळीत का राहतं? पुस्तकात प्लास्मिड म्हणून एक गोल काढलेला असतो, बांगडीसारखा. पोरं तेच डोक्यात घेऊन बसतात. खरं प्लास्मिड बांगडीसारखं नसतं, पिळलेल्या दोरीसारखं असतं. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखं स्वतःभोवती वळलेलं. त्याच्या दोन्ही धाग्यांना टोक नाही, दोन्ही बंद कड्या, एकमेकींत अडकलेल्या. सोड्यात धागे सुटे झाले तरी ते एकमेकांपासून लांब जाऊ शकत नाहीत. तिसरं द्रावण पडलं की क्षणात जागच्या जागी जुळतात. मोठ्या गुणसूत्राचे तुटलेले धागे मात्र जोडीदार शोधत भलत्यांशी गुंततात आणि गुठळीत अडकतात. मी फळ्यावर लिहिलं: सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. एका पोरीने ते वहीत उतरवलं आणि खाली कंसात 'अल्कलाइन लायसिस' असं लिहिलं. परीक्षेत कोणी हे लिहिलं तर मी मार्क देईन, बाहेरच्या परीक्षकांची खात्री नाही.

मग ते जेलवर, म्हणजे विजेने डीएनए पळवायच्या जेलीवर, लावलं. तीन पट्टे आले. "मॅडम, तीन प्लास्मिडं?" नाही रे बाबा. पिळलेलं सगळ्यात पुढे पळतं, तुटून सरळ झालेलं मध्ये, आणि एकाच धाग्याला चीर पडून सैल झालेलं मागे रेंगाळतं. एकच माणूस, तीन अवतार.

हे सगळं चालू असताना मोबाइल थरथरत होता. सटाण्याहून धाकटा भाऊ. त्याची चार एकर डाळिंब आहे, हस्त बहार धरलेला. नोव्हेंबरअखेर अवकाळी पडला आणि फळांवर तेलकट डाग दिसायला लागले. तेल्या. डाळिंबवाल्याला हा शब्द नुसता ऐकला तरी धस्स होतं. हा जिवाणूंचा रोग, झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा, पावसाच्या शिंतोड्यांनी बागभर जातो आणि फळं तडकतात.

"ताई, स्ट्रेप्टोची एक पुडी मारली, फरक नाही. दुकानवाला म्हणतो डबल करा. करू का?"

त्या पुडीत काय असतं? नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसीन, दहा टक्के टेट्रासायक्लीन. म्हणजे जपानमधल्या रुग्णांना दिली होती त्या चारांतली दोन औषधं. आणि कोहेनचं प्लास्मिड ज्याला दाद देत नव्हतं तेही त्यातच. मी जेलसमोर हातमोजे घालून उभी आणि तो बागेत पंप घेऊन उभा, आणि आमच्या दोघांच्या हातात गोष्ट एकच.

मी त्याला अमेरिकेतल्या सफरचंदांचं सांगितलं. तिथे बागांवर स्ट्रेप्टोमायसीन कित्येक दशकं फवारलं. मग मिशिगनमध्ये सफरचंदाच्या करप्याच्या जिवाणूत त्याला दाद न देणारे जनुक सापडले, प्लास्मिडवर बसलेले. तीच जनुकांची जोडी माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंच्या प्लास्मिडांवरही सापडते. बागेतला जिवाणू आणि दवाखान्यातला जिवाणू यांच्यात भिंत आहे असं आपण समजतो. त्यांना कुणी ते सांगितलेलं नाही. केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरात ही दोन औषधं शेतीतून टप्प्याटप्प्याने काढायचा मसुदा काढला, तो काही उगाच नव्हे.

"मग मी काय करू? हे शिकवून बाग वाचंल का?" तो वैतागून म्हणाला. बरोबरच आहे त्याचं. त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, माझ्या डोक्यावर फक्त अठरा प्लेटा. मी म्हटलं, डबल नको करू. डागाळलेली फळं आणि फांद्या काढ, बागेत पडू देऊ नको, जाळ. कात्री दर झाडागणिक जंतुनाशकात बुडवून घे. पुढच्या वर्षी झाडाला नीट विश्रांती दे आणि पावसाळ्यात फळ येईल असा बहारच धरू नको. तो म्हणाला, "हे मला पण माहितीये."

मग काही वेळ दोघंही गप्प.

मला आठवलं ते त्याला नाही सांगितलं. २०१४ मध्ये गंगेवर झालेला अभ्यास. ऋषिकेश-हरिद्वारच्या पाण्यात एनडीएम-१ हा जनुक यात्रेच्या महिन्यांत वाढलेला दिसला होता. हा जनुकही प्लास्मिडवर फिरतो आणि कार्बापेनेमसारखी शेवटची म्हणून राखून ठेवलेली औषधं निकामी करतो. त्याच्या नावात नवी दिल्ली आहे म्हणून २०१० मध्ये आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. नावावरून भांडलो, सांडपाण्यावरून नाही. २०२७ मध्ये आपल्या रामकुंडावर सिंहस्थ आहे. गोदावरीत काय काय सोडलं जातं ते टाळकुटेश्वराच्या पुलावर उभं राहिलं तरी नाकाला कळतं, जेल लावायची गरज नाही.

भावाला नाही सांगितलं, कारण त्याचं डाळिंब आधी.

रात्री त्याचा मेसेज आला: "पुडी नाही मारत. बोर्डो मारतो उद्या. मोरचूद आणि चुना, आजोबांचा उपाय. त्याला तर काही होत नाही ना तुझं ते प्लास्मिड?"

मोरचूद म्हणजे तांबं. टोमॅटो आणि मिरचीवरच्या झँथोमोनासमध्ये तांब्याला दाद न देणारे जनुक सापडलेत, आणि तेही प्लास्मिडवर. मी दोन ओळी टाइप केल्या, पुसल्या, आणि "मार, पण सकाळी लवकर, आणि चुना ताजा घे" एवढंच पाठवलं.

पुढच्या मंगळवारी परत ट्रान्सफॉर्मेशन आहे. शिपाईमामांनी फुटक्या काचेवर पुठ्ठा लावलाय. काकूंचं दही लागलं, त्यांनी वाटीतून शंकरपाळी पाठवली.